भरून दिलेली टाकी

परभणी जिल्ह्याच्या वरच्या टोकाला आमचं चारठाणा आणि खालच्या टोकाला, सोनपेठच्या अलीकडे गंगेच्या म्हणजे गोदावरीच्या काठावर, बोरथडी. एस.टी. धड मिळाली तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचतो. आम्हाला तीन दिवस लागले. तेवढ्यात लोक काशी करून येतात, असं माझा मेहुणा अजून म्हणतो. म्हणो बापडा. तो आमच्याबरोबर नव्हता.

आधी गाडीविषयी सांगतो, कारण हा प्रवास तिचाही आहे. दुष्काळात बोअर पाडायला एक परदेशी संस्था आपल्याकडे आली होती. काम संपवून ती मंडळी गेली, तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. मी पंचायत समितीचा हातपंप दुरुस्त करणारा मिस्तरी. जिथं बैलगाडीसुद्धा विचार करून जाते अशा वाड्यावस्त्यांवर माझं काम. त्या लिलावात मी ही फटफटी उचलली. उंच, सडपातळ, पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, सायलेन्सर पायाशी न राहता थेट सीटखालून मागं गेलेला, टायरांना ट्रॅक्टरसारखे दात. इंजिन एवढंसं, टू स्ट्रोक. म्हणजे तिला नुसतं पेट्रोल चालत नाही. पेट्रोलमध्ये मोजून आईल मिसळायचं, तेच जळता जळता आतल्या पिस्टनला वंगण देतं. आईल जास्त झालं की प्लग काळा होऊन गाडी बसते, आणि कमी झालं की पिस्टन तापून जागीच धरतो. गावात तिला शेळी म्हणत. कुठंही चढते, थोडक्यात भागवते आणि ओरडते फार, म्हणून.

या शेळीचे सुटे भाग उभ्या मराठवाड्यात कुठंच मिळत नसत. रिंगा मी स्कूटरच्या घासून बसवल्या होत्या, क्लचची वायर दुसऱ्याच कुठल्या गाडीची. खिशात कायम जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पाना. लग्न होऊन सुजाता घरात आली तेव्हा अंगणात मी गाडी खोलून बसलेलो होतो. ही थोरली का, एवढंच तिनं विचारलं. पण सहा महिन्यांत तिचा कान माझ्यापेक्षा तयार झाला. चुलीपाशी बसून ती सांगायची, आज आवाज जड येतोय, प्लग बघा. लहानपणी चुडाव्याला वडिलांची सायकल दामटून ती शाळेला गेलेली. चारठाण्याच्या देवळामागच्या माळावर साडीचा ओचा मारून तिनं शेळीही दोन-चारदा चालवली होती. रस्त्यावर मात्र मी दिली नाही. लोक काय म्हणतील, हे माझं कारण.

आता प्रवासाचं कारण. सुजाता डी.एड. होऊन तीन वर्षं झाली होती. मंगळवारी संध्याकाळी मेहुणा चुडाव्याहून एक लिफाफा घेऊन आला. बोरथडीच्या शाळेवर शिक्षिका म्हणून नेमणूक. अर्ज लग्नाआधीचा, पत्ता माहेरचा, आणि माहेरची सगळी मंडळी आजारी मामाकडे गेलेली, त्यामुळं लिफाफा दाराच्या फटीत पडून राहिला. पंधरा दिवसांच्या आत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द समजावी, असं खाली टाइप केलं होतं. पंधरावा दिवस शुक्रवारी होता. त्याआधी परभणीला डॉक्टरी दाखला आणि गंगाखेडला पंचायत समितीचं पत्र घ्यायचं होतं. भादव्याचे दिवस, बोरथडीकडची एस.टी. पावसात बंद.

तिचे वडील रेल्वेत गँगमन. पगाराच्या कागदावर जन्मभर त्यांनी अंगठा उठवला. मुलगी मस्टरवर सही करणार, हे ते शाळेच्या पहिल्या दिवसापासून सांगत आलेले. यादीत तिच्या खालचा उमेदवार तयारच असणार होता. सुजातानं कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "शेळी चालंल ना?"

मी चालेल म्हणालो. न चालून सांगते कुणाला.

बुधवार, परभणी

आमच्याकडची जमीन मुरमाड. पाऊस पडून गेला की तासाभरात चपला घालून हिंडावं. त्यामुळं जिंतूरपर्यंत आम्ही ऐटीत गेलो. सुजातानं सगळे दाखले खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी बांधले होते, त्यावरून पदर घट्ट खोचलेला. दोन्ही बाजूंना मुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बाया होत्या. आमचा आवाज ऐकून त्या कंबर सरळ करायच्या आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत पाहत राहायच्या.

बोरीच्या पुढं शेळी खोकली आणि बसली. मी खाली उतरायच्या आत मागून निकाल आला की तुम्ही आईल जास्त घातलं. घातलं होतं खरं. लांबचा पल्ला म्हणून दोन टोपणं वर ओतली होती. प्लग काढला तर काजळी धरलेला. रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेत मी तो घासला. हॉटेलवाला म्हातारा मुसलमान, फार अदबीचा. त्यानं आम्हाला कुठं चाललात विचारलं आणि बोरथडी ऐकून मान हलवली. म्हणाला, "मिस्तरी, गंगथडीची माटी बडी जालिम हाय. पाय धरती, सोडत न्हाई." मी हसण्यावारी नेलं. मुरमावरच्या माणसाला काळ्या मातीचं काय सांगावं.

परभणीत दिवस रांगेत गेला. संध्याकाळच्या आत दाखला मिळाला, तो त्या प्लॅस्टिकमध्ये गेला. मुक्काम सुजाताच्या मावशीकडं. सकाळी मावशीनं सुशीला केली, म्हणजे भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची आणि शेंगदाण्याचं कूट. वाटेसाठी पितळी डब्यात धपाटे बांधून दिले आणि डबा परत आणायची ताकीद दिली.

गुरुवार, गंगाखेड आणि लिंबाळा

गंगाखेडच्या पुलावर एस.टी.तली माणसं खिडकीतून हात जोडतात. गोदावरीला इकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. आम्ही पुलाच्या मधोमध थांबून खाली पाहिलं. पाणी गढूळ आणि फुगलेलं, आणि वरच्या अंगाला आभाळ काळं. सुजाता चला म्हणाली. तिला नदी पाहायची नव्हती.

पंचायत समितीत पत्र मिळालं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिथंच आबाराव भेटले. साठीचे, डोक्याला पटका, काखेत छत्री. त्यांच्या लिंबाळा गावचा हातपंप तीन आठवडे बंद, बाया नदीचं गढूळ पाणी भरतात, आणि ते दर दोन दिवसांनी अर्ज घेऊन येतात. मी माझा धंदा सांगितला. लिंबाळा बोरथडीच्याच वाटेवर. माझा तालुका नव्हे आणि माझं काम नव्हे, पण पंप बंद आहे असं ऐकलं की माझे हात शिवशिवतात. सामानात चामड्याचे वायसर होते.

लिंबाळ्याला जाताना पाऊस लागला. आबाराव एका ट्रॅक्टरवर पुढं, आम्ही मागं. काळी माती काय असते ते मला त्या दहा किलोमीटरांत कळलं. ट्रॅक्टरमागं दोन मोटारसायकली अडकून पडलेल्या पाहिल्या. त्यांचं मडगार्ड चाकाला लागून, त्यामुळं मधे चिखल ठासून चाक फिरायचं थांबलं होतं. शेळीचं मडगार्ड वीतभर वर. चिखल उडायचा, आमच्या अंगावर बसायचा, पण चाक अडत नव्हतं. लोकांनी आजवर त्या मडगार्डाला हसून घेतलं होतं, त्या सगळ्यांची मला आठवण झाली.

पंपाचे नळ वर खेचून वायसर बदलायला अंधार पडत आला. पाणी आलं तेव्हा जमलेल्या बायांनी घागरी पुढं सरकवल्या. आबारावांनी मुक्कामाला घरी नेलं.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून गावागावांत माणसं जपून बोलत. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या नात्यातल्या एका वस्तीवर छपरं जळाली होती. आम्ही बौद्ध. अनोळखी गावात आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्याकडं आधी पाहायचं, ही सवय आमच्या हाडात गेलेली. आबारावांना मी आडनाव सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं आणि पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला बसलो तेव्हा ताटं कोणती आहेत ते मी पाहिलं. त्यांच्यापुढं जशी होती तशीच आमच्यापुढं. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. आमच्याकडं आमटी पातळ करतात. इथली दाट, आणि तिखट इतकं की सुजातानं दोनदा पाणी मागितलं. आबारावांच्या घरच्यांनी तिच्या नोकरीचं सगळं विचारून घेतलं आणि रिकामा पितळी डबा घासायला नेला. मी सैल झालो, पण पुरता नाही. एवढं खरं सांगतो.

परसात छपराखाली त्यांची एक जुनी पेट्रोलवरची जीप विटांवर उभी होती. चाकं काढलेली. गाडीची हौस फार, पण आता वय झालं, असं ते म्हणाले. शेळीही त्यांनी तिच्या शेजारीच उभी करायला लावली.

शुक्रवार

सकाळी आठला निघालो. पाऊस थांबला होता. आबाराव वेशीपर्यंत चालत आले. बोरथडी अजून पाच कोस. आमच्याकडं मैल बोलतात, इथं अजून कोस चालतात. एक कोस म्हणजे तीन किलोमीटर धरा. शाळा पाचला सुटते, त्याच्या आत पोचायला वेळ भरपूर होता.

शेळी त्या दिवशी कधी नव्हे अशी पळायला लागली. आवाज हलका, धक्के नाहीत. मी खूश. मागून सुजाता म्हणाली, "अहो, आज धूर कसा दिसंना?" मी म्हणालो, तुझी नोकरी लागली म्हणून तिनं विडी सोडली. तिला हसू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं की आवाज पातळ येतोय. मला थांबायचं नव्हतं.

कोसभर गेलो आणि इंजिन किंचाळलं, मागचं चाक जागीच अडकलं आणि आम्ही दोघं कपाशीत. दाखले पोटाशी सुखरूप होते. सुजाताच्या कोपराला खरचटलं होतं. किक हलेना. पिस्टननं धरलं होतं.

टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोल काठोकाठ. काल संध्याकाळी तळाला होतं, हे मला पक्कं माहीत. बोट बुडवून वास घेतला. स्वच्छ, नुसतं पेट्रोल, आईलचा चिकटपणा नावालाही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. परसात शेजारी उभी असलेली जीप डोळ्यांपुढं आली. आमच्या समाजाची मुलगी मास्तरीण होऊन चालली, ते पाहवलं नाही, म्हणून जीपचं पेट्रोल मुद्दाम ओतलं, असं मी मोठ्यानं बोललो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ताट एक आणि पोटात एक, आपण फसलो, आडनाव सांगायलाच नको होतं.

सुजाता रस्त्याच्या कडेला बसून पिशवी तपासत होती. तिनं पितळी डबा काढला. काल रिकामा दिलेला. आता झाकण निघेना इतका भरलेला, वर धपाटे, खाली गुळाचे खडे आणि भाजलेल्या शेंगा. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"डबा रिकामा दिला न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "मग टाकी रिकामी कशी देतील?"

मी डबा हातात घेतला. आपल्याकडं घरात आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालून जाते. आबारावांनी पाहुण्याचं भांडं ओळीनं भरलं, त्यात ही टाकीही आली. जीपसाठी ठेवलेलं पेट्रोल त्यांनी गुपचूप ओतलं आणि दिल्याचं सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतं. जीपला आईल वेगळं लागतं, पेट्रोलमध्ये घालत नाहीत. शेळीला लागतं हे त्यांना कुठून कळावं. चूक झाली होती ती मायेनं, आणि मी काय काय बोललो होतो. मला त्या चिखलात तोंड खुपसावंसं वाटलं.

पण लाज वाटून पिस्टन सुटत नाही. इंजिन गार होईपर्यंत थांबलो. माझ्याकडं आईलची बाटली होती, तिच्या तळाशी दोन टोपणं उरलेली. प्लग काढून त्या भोकातून एक टोपण आत सोडलं, गिअरमध्ये टाकून गाडी मागंपुढं हलवत राहिलो. अर्ध्या तासानं खट्कन आवाज झाला आणि पिस्टन सुटला. आता प्रश्न टाकीभर पेट्रोलचा. त्याला पाव-अर्धा लिटर आईल हवं, आणि दुकान मागं गंगाखेडला.

जवळच एक आखाडा होता. शेतातल्या घराला इकडं आखाडा म्हणतात. तिथं गयाबाई नावाची म्हातारी एकटी होती, शेणकूट झाकत. मी तेल आहे का विचारलं. खायचं का, जळायचं का, का गाडीच्या आसाचं, असं तिनं उलट विचारलं. आस म्हटल्यावर माझे कान टवकारले. बैलगाडीच्या आसाला ती एरंडेल घालत होती, बांधावरच्या एरंडाचं, घरी काढलेलं. वंगणासाठी त्यात राख कालवतात, पण ती बुडाशी बसली होती, वरचं तेल निर्मळ होतं. एरंडेल ताव सहन करतं, हे आमच्या जिंतूरचा एक म्हातारा फिटर सांगायचा. लहानपणी ते नाक दाबून पाजलं गेल्यापासून मी त्याचं नाव काढलं नव्हतं.

गयाबाईनं बाटली भरून दिली आणि विचारलं, "फटफटीला पाजायलाव? पोट साफ हुईल तिचं."

पेट्रोलची एकेक बाटली काढून त्यात एरंडेल घालायचं, हात दुखेपर्यंत हलवायचं आणि परत टाकीत ओतायचं, असं आम्ही दोघांनी केलं. ते सहजी मिसळत नाही. चौथ्या किकला शेळी बोलली. मागं पांढरा धूर, आणि वास असा की दिवाळीचे पदार्थ जळतायत. सुजाता पहिल्यांदा हसली. साडेदहा झाले होते.

पुढच्या ओढ्यानं आम्हाला अडवलं. पाणी कमरेच्या वर, पूल नाही. पलीकडं दोन बैलगाड्या आणि अलीकडं आम्ही, दोघं एकमेकांकडं पाहत बसलो. इथली माणसं ओढ्याशी भांडत नाहीत. गाडीवाल्यानं काठाला एक काठी रोवली आणि झोपला. पाणी काठीखाली गेलं की उठायचं. सुजातानं मात्र डोळे काठीवरून हलवले नाहीत. आम्ही दोन धपाटे खाल्ले, बाकीचे तिनं झाकून ठेवले. पावणेदोनला काठी उघडी पडली. गाडीवाल्यांनी हात लावला आणि शेळी उचलून पलीकडं नेली.

ओढ्याच्या चढावर तिनं जीव टाकला. किक मारली की चालू व्हायची, पण दोघं बसलो की आवाज खाली यायचा, वाफ निघायची, बंद. पिस्टनवर ओरखडे गेलेले, दम अर्धा राहिलेला. तीनदा करून पाहिलं. सुजाताला उतरवून मी एकट्यानं चढवली तर ती निमूट चढली. एका माणसाला ओढील, दोघांना नाही, हे स्पष्ट झालं. सव्वादोन वाजत आले होते. उरले तीन कोस आणि वर थोडं. काळ्या मातीत पायी सहा वाजले असते.

मी म्हणालो, मी पुढं जातो, हेडमास्तरांना सांगतो, तुझ्यासाठी थांबवून धरतो.

"आवं, रुजू मला व्हायचंय," ती म्हणाली. "तुमची सही कोण घेईल?"

लोक काय म्हणतील, हे माझ्या तोंडात आलंच होतं. पण तिथं लोक म्हणजे दोन गाडीवाले आणि त्यांचे चार बैल. मी किल्ली दिली, खिशातला पाना आणि पॉलिश पेपर दिला, उरलेलं एक टोपण आईल टाकीत ओतलं आणि सांगितलं की पहिल्या-दुसऱ्याच्या वर जाऊ नकोस, क्लच अर्धा धरून ठेवू नकोस, पडलीस तर आधी दाखले बघ. तिनं ओचा मारला, डब्याची पिशवी खांद्याला लावली. गाडी हलली, डगमगली, सावरली. वळणाला ती गेली आणि मागं नुसता एरंडेलाचा वास राहिला. मला भीती वाटली आणि अभिमान वाटला, दोन्ही एकदम. आधी कोणतं, ते आठवत नाही.

मग मी चालायला लागलो. चिखल पायाला धरायचा, एकेक पाय शेराचा होऊन उचलायचा. हॉटेलवाल्या म्हाताऱ्याची आठवण पावलोपावली. माझ्यापुढं शेळीच्या टायरांची खूण होती, दातांची नक्षी ओल्या मातीत उमटलेली. एरवी मी प्रवासात झाडं-देवळं पाहतो. त्या दिवशी मी तीन कोस ती खूण वाचत गेलो. अर्ध्या कोसावर ती वाकडी गेली होती, तिथं आडवं पडल्याचा ठसा आणि बांगडीचा हिरवा तुकडा. मी वाकून रक्त कुठं दिसतंय का ते पाहिलं. पण पुढं खोल टाचेची खूण होती, किक मारल्याची, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा, आणि त्यापुढं खूण पुन्हा सरळ. एका ठिकाणी ती बांधावरून गेलेली. रस्त्यात साठलेलं डबकं तिनं चुकवलं होतं. मी असतो तर त्यात घातली असती. दुसऱ्यांदा पडल्याची जागा दिसली, तिथं पॉलिश पेपरचा फाटका कपटा पडलेला आणि पुसलेल्या काजळीचं बोट गवताला. प्लग साफ केला होता. पुढं समोरून एक गाडीवाला आला. मी बाई दिसली का विचारलं. तो म्हणाला, "दिसली की. फटफटीवर. तोंड चिखलानं भरलेलं, आन् थांबा म्हटलं तर म्हणाली, सायंकाळी थांबंन."

त्यानंतर मी फार रेंगाळलो नाही.

बोरथडीला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. शाळा दोन खोल्यांची, पुढं ओसरी, लिंबाखाली शेळी उभी. सुजाता ओसरीच्या पायरीवर बसून पॉलिश पेपरनं प्लग घासत होती. मला पाहून तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग डबा पुढं केला. चार धपाटे माझ्यासाठी शिल्लक होते.

हेडमास्तर साधे गृहस्थ. मस्टर त्यांनी स्वतःहून आणून दाखवलं. सुजाताचं नाव, तारीख, वेळ चार वाजून चाळीस मिनिटं, आणि तिची गोल अक्षरातली पूर्ण सही. सहीच्या शेजारी काळ्या चिखलाचा अंगठा उमटला होता, पान धरताना लागलेला. पान बदलू का, असं त्यांनी तिला विचारलं होतं म्हणे. ती नको म्हणाली. मी तो ठसा बराच वेळ पाहिला. सासऱ्यांना मस्टर दाखवता येत नाही, म्हणून मी पत्रात लिहून कळवलं की सही झाली, आणि अंगठाही.

रविवारी परतताना मी एकटा होतो. शेळी बोरथडीलाच ठेवली. तिथून गंगाखेड गाठायला दुसरं काही चालत नाही, आणि आईल किती घालायचं हे सुजाताला माझ्याहून बरं कळतं. मिळेल त्या बैलगाडीनं निघालो आणि वाटेत लिंबाळ्याला उतरलो. डबा सुजातानं बोरथडीच्या मुगानं भरून दिला होता. आबारावांना मी टाकीचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दोनदा ते नुसतं अरारा म्हणाले. मग मी न सांगता राहिलो असतो ते सांगितलं, की मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलं.

आबारावांनी पटक्याचं टोक हातात घेतलं.

"वाटणारच," ते म्हणाले. "दिवसच तसे आणलेत आमी."

डबा त्यांनी आत नेला. दोघांच्या चहाचे कप रिकामे झाले तरी तो परत येईना. शेवटी निघताना म्हणाले, राहू द्या डबा, पुढच्या खेपेला न्या. मावशीला काय सांगावं, या विचारात मी निघालो.

महिन्यानं सुजाताला भेटायला गेलो तेव्हा पुन्हा उतरलो. डबा ओसरीवरच्या फळीवर तयार होता, नव्यासारखा लखलखीत घासलेला. नेहमीपेक्षा जड लागला. वर धपाटे होते. त्यांच्याखाली धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली, गंगाखेडहून आणलेली, टू स्ट्रोकच्या आईलची सीलबंद बाटली होती.